वाचनालयातल्या संगणकांचं फर्मवेअर अपडेट: ठरावापासून रीस्टार्टपर्यंत

मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. संगणकाची कामं अंगावर पडत गेली तशी शिकत गेले. आमच्याकडच्या संगणकांवर फर्मवेअर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी सुरू होणारा चिपमधला प्रोग्राम, अपडेट करण्याची व्यवस्था बसवण्याचं काम डिसेंबरात सुरू झालं आणि आत्ता फेब्रुवारी २०२६ मध्ये बहुतेक पार पडलं. या काळात मराठीत कुणी यावर काही लिहिलंय का, हे मी कितीदा तरी शोधलं. शाळा, वाचनालयं, छोटी कार्यालयं यांच्यापुढे हेच काम येत्या काही महिन्यांत येणार आहे, म्हणून झालं तसं सगळं लिहून ठेवते.

आमच्याकडे ११ संगणक. अभ्यासिकेत आठ डेल ऑप्टिप्लेक्स, लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले म्हणून घेतलेले. देवघेव काउंटरवर दोन असेंबल्ड. कार्यालयात एक थिंकपॅड लॅपटॉप. सगळ्यांवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ऑप्टिप्लेक्समध्ये सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असल्यामुळे ते विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हते. आमची ग्रंथसूची कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि कोहाचा सर्व्हर आधीपासून डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका मोफत प्रकारावर, चालतो. तेव्हा बाकीच्या संगणकांवरही डेबियन १३ टाकायचं ठरलं. तो आठवडा दिवाळी अंकांचा होता, काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून प्रत्यक्ष काम नोव्हेंबरात एका बाहेरच्या तंत्रज्ञाकडून करून घेतलं. मुलांना परीक्षेचे फॉर्म भरता येत होते, पीडीएफ उघडत होत्या. काम झालं असं सगळ्यांनी धरलं.

डिसेंबरात डेडस्टॉक रजिस्टर (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) अद्ययावत करताना प्रत्येक यंत्राची माहिती लिहीत होते. बायोसची, म्हणजे या फर्मवेअरची, तारीख बघितली तर बहुतेकांवर २०१८. म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला जो प्रोग्राम डेबियनच्या आधी सुरू होतो, त्याला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की सगळं नवं झालं असं आपण समजतो, पण हा थर तिच्या खालचा असतो. तिथल्या चुका डेबियनच्या रोजच्या अपडेटने दुरुस्त होत नाहीत.

माझी खरी काळजी मात्र जून महिन्याची होती. सिक्युअर बूट ही सोय संगणक सुरू होताना बूटलोडरवरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवरची, डिजिटल सही तपासते. त्या सह्यांमागची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं २०११ ची आहेत आणि जून २०२६ पासून त्यांची मुदत संपायला लागते. डेबियनचा पहिला बूटलोडरही याच प्रमाणपत्राच्या सहीवर चालतो. मुदत संपली म्हणून त्या दिवशी संगणक बंद पडणार नाही, आधी सही झालेलं चालत राहतं. पण यापुढे २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेले नवे बूटलोडर ओळखायचे, आणि धोकादायक ठरलेल्या जुन्या बूटलोडरांची रद्द-यादी पुढेही ताजी ठेवायची, तर नवी प्रमाणपत्रं फर्मवेअरमध्ये पोचायला हवीत. हे कळल्यावर काम पुढच्या वर्षावर ढकलणं मला पटेना.

लिनक्सवर यासाठी एफडब्ल्यूअपडी नावाची सेवा आहे. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीतल्या रिचर्ड ह्यूजेस यांनी ती २०१५ च्या सुमारास सुरू केली. तिच्या जोडीला एलव्हीएफएस हे एक भांडार आहे. कंपन्या आपलं फर्मवेअर तिथे ठेवतात आणि आपला संगणक सही तपासून तिथून ते उतरवतो. २०१९ पासून हे भांडार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. डेल सुरुवातीपासून त्यात आहे, लेनोवो २०१८ मध्ये आली. फर्मवेअर म्हणजे कुठल्यातरी संकेतस्थळावरून फाइल शोधून पेनड्राइव्हवर घालायची, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे हे वाचून धीर आला.

परवानगीशिवाय हात लावणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. यंत्रं संस्थेची, आणि फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. मी कार्यकारी मंडळाला पत्र दिलं, सोबत यंत्रनिहाय यादी जोडली: डेडस्टॉक क्रमांक, मॉडेल, सध्याची बायोस आवृत्ती. डिसेंबरची बैठक होऊन गेली होती, त्यामुळे विषय जानेवारीच्या बैठकीत आला. तोवर थांबणं आलंच.

बैठकीत दोन प्रश्न आले आणि दोन्ही रास्त होते. कार्यवाह सरांनी विचारलं, "या सेवेतून आपल्या वाचकांची माहिती बाहेर जाते का?" जात नाही. अपडेट झाल्यावर ही सेवा यशस्वी झालं की नाही याचा अहवाल पाठवू का असं विचारते. त्यात यंत्राचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम असं असतं आणि यंत्राचा ओळख क्रमांक हॅश करून, म्हणजे मूळ क्रमांक कळणार नाही अशा रूपात, जातो. नाही म्हणण्याची मुभा असते. खजिनदार काकांनी विचारलं, "मधेच लाइट गेली तर?" याला माझ्याकडे एकच उत्तर होतं: यूपीएस. शेवटी ठराव झाला. एका वेळी एकच यंत्र, सुट्टीच्या दिवशीच, यूपीएसवरच, आणि प्रत्येक यंत्राची नोंद वहीत. तुम्हीही संस्थेत हे करणार असाल तर ठरावाची प्रत फाइलला लावूनच सुरुवात करा. पुढे बिलं मंजूर करून घेताना तिचा फार उपयोग झाला.

तीन दरपत्रकं मागवली. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साडेतीन हजारांच्या आत बसला. सगळ्या यंत्रांसाठी एकच घेतला, तो त्या-त्या टेबलावर उचलून नेता येतो. वायरमनला बोलावून अभ्यासिकेतल्या पॉइंटांचं अर्थिंग तपासून घेतलं, त्याने पाचशे रुपये घेतले आणि एक सैल सॉकेट बदलून दिलं. जुन्या इमारतीत असाल तर हे टाळू नका.

मग खरी अडचण पुढे आली. अपडेट स्वीकारण्यासाठी ऑप्टिप्लेक्सच्या बायोसमध्ये 'यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स' हा पर्याय चालू असावा लागतो. तो तपासायला आत गेले तर चार यंत्रांवर बायोसचा अॅडमिन पासवर्ड. आमचा कुणाचा नाही, विकणाऱ्याने किंवा त्याच्याही आधीच्या मालकाने टाकलेला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, मूळ बिल दाखवा. ते बिल लेखापरीक्षणाच्या गठ्ठ्यात, गठ्ठा सीएंच्या कार्यालयात. आठवडाभर वाट पाहिल्यावर प्रत मिळाली. दुकानातला मुलगा आला, मदरबोर्डवरचा पासवर्डचा जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) काढून त्याने पासवर्ड पुसले, यंत्रामागे दीडशे रुपये घेतले. नवे पासवर्ड मी टाकले आणि सीलबंद पाकिटात घालून कार्यवाह सरांच्या कपाटात ठेवले. वापरलेली यंत्रं घेणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच बायोस उघडून बघावा आणि पासवर्ड काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं मला आता ठामपणे वाटतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट उलगडली. दोन यंत्रांवर मी बायोसमधला पर्याय चालू करून जायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जुन्या जागी, घड्याळही मागे गेलेलं. आमचे शिपाई मामा रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करतात. जुनी वायरिंग असल्यामुळे ते बरोबरच आहे. पण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर मेन बंद होताच सेटिंग पुसलं जाऊ शकतं. शिवाय घड्याळ काही वर्षं मागे असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं संगणकाला चुकीची वाटतात आणि भांडारातली फर्मवेअरची यादी उतरत नाही. सेल चाळीस रुपयांचा. आठही यंत्रांचे बदलून टाकले.

आता सेवेकडे येते. आम्ही एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरतो आणि त्यासोबत एफडब्ल्यूअपडी आपोआप आलेलं नव्हतं. ते अॅप्ट या डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने घातलं, आणि त्याच्यासोबतचं सही केलेलं पॅकेजही, कारण सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला भाग चालत नाही. डेबियन १३ मध्ये या सेवेची २.० मालिका मिळते. हे महत्त्वाचं आहे, कारण सिक्युअर बूटची नवी प्रमाणपत्रं टाकण्याची सोय याच मालिकेत आली. तुमच्याकडे जुनं डेबियन असेल तर आधी आवृत्ती बघून घ्या.

सगळं काम एफडब्ल्यूअपडीएमजीआर या एका कमांडने होतं. तिच्यापुढे 'गेट-डिव्हाइसेस' लिहिलं की यंत्रातल्या कुठल्या भागांचं फर्मवेअर ती ओळखते ते दिसतं. 'रिफ्रेश'ने भांडाराची ताजी यादी येते, 'गेट-अपडेट्स'ने काय उपलब्ध आहे ते कळतं, आणि 'अपडेट' म्हटल्यावरच प्रत्यक्ष काम सुरू होतं. पहिल्या तीन कमांड्सनी यंत्रात काहीच बदलत नाही. घाबरण्याचं कारण नाही, आधी त्या निवांत चालवून बघा.

आमच्याकडे 'रिफ्रेश'च अडलं. अभ्यासिकेच्या राउटरवर ठरावीक संकेतस्थळंच उघडतात. त्या यादीत सीडीएन.एफडब्ल्यूअपडी.ऑर्ग हा पत्ता घातला तेव्हा यादी उतरली. मग दोन यंत्रांवर संदेश आला की लेगसी बायोस पद्धतीत, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीत, फर्मवेअर अपडेट करता येत नाही. नोव्हेंबरात डेबियन टाकताना ती दोन यंत्रं जुन्या पद्धतीने बसवली गेली होती. हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सिस् फोल्डरमधल्या फर्मवेअरच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर आहे का ते बघणं. नसेल तर यंत्र लेगसीत आहे. त्या दोन्हींवर डेबियन पुन्हा टाकावं लागलं. आधी फलकावर सूचना लावली की या संगणकांवर ठेवलेल्या फाइली शनिवारपर्यंत पेनड्राइव्हवर घ्याव्यात. राज्यसेवेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मुलांनी तिथेच साठवल्या होत्या. अभ्यासिकेतला एक मुलगा आपण होऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, ज्यांचं राहिलंय त्यांचं मी काढून ठेवतो." त्याने प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर करून दिलं. या मदतीचं मला फार वाटलं.

तिसरा अडथळा एका यंत्रावर ईएसपी सापडत नसल्याचा. ईएसपी म्हणजे डिस्कवरचा तो छोटा भाग, जिथे बूटलोडर राहतो आणि नवं फर्मवेअर रीस्टार्टपर्यंत ठेवलं जातं. ईटीसी फोल्डरमधल्या एफडब्ल्यूअपडी.कॉन्फ या फाइलीत 'ईएसपीलोकेशन' या नावापुढे त्याचा मार्ग लिहिला, म्हणजे आमच्याकडे बूट फोल्डरमधलं ईएफआय, आणि सेवा पुन्हा सुरू केली. काम झालं. दुसऱ्या एकावर ईएसपी विंडोजच्या काळचा, १०० एमबीचा आणि जुन्या फाइलींनी भरलेला होता. विंडोज आता नसल्याने प्रत काढून त्या फाइली हटवल्या, जागा झाली.

त्याच फाइलीत 'ओन्लीट्रस्टेड' हा पर्याय चालू असतो. तो तसाच ठेवा, सही नसलेलं फर्मवेअर त्यामुळे अडतं. भांडारं दोन दिसतील: एक स्थिर, एक चाचणीचं. चाचणीचं मुळात बंद असतं, सार्वजनिक ठिकाणी ते बंदच राहू द्यावं. शेवटी रिफ्रेशचा टायमर चालू आहे याची खात्री केली. तो फक्त यादी ताजी ठेवतो, परस्पर कुठलंही फर्मवेअर टाकत नाही. हे मी कार्यवाह सरांना लेखी दिलं, कारण रात्रीतून आपोआप काही होईल अशी भीती त्यांना होती. अभ्यासिकेतल्या मुलांच्या खात्यांना प्रशासकाचे अधिकार नाहीत, त्यामुळे त्यांच्या हातून अपडेट सुरू होऊ शकत नाही.

पहिलं यंत्र २६ जानेवारीला घेतलं. झेंडावंदन झाल्यावर वाचनालय बंद असतं. कोपऱ्यातलं, सगळ्यात कमी वापराचं यंत्र निवडलं. आधी डेबियनची सगळी अपडेट्स केली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रद्द-यादी नवी झाली की फार जुना बूटलोडर फर्मवेअर नाकारू शकतं. ही सेवा ईएसपीमधले बूटलोडर त्या यादीशी ताडून बघते आणि जुळलं तर थांबते, तरी आपण आपलं आधी करून घ्यावं. जुने डेबियन किंवा उबुंटूचे पेनड्राइव्हही मग चालतील असं नाही, तेव्हा ताजा एक करून ठेवा.

'गेट-अपडेट्स'मध्ये सिस्टिम फर्मवेअर आणि रद्द-यादी दोन्ही दिसल्या, किती तातडीचं आहे तेही लिहिलेलं होतं. बायोसच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढले. सगळी यूएसबी उपकरणं काढली, कीबोर्ड आणि माउस तेवढे ठेवले. 'अपडेट' म्हटलं, होकार दिला, रीस्टार्ट झालं. कंपनीचं चिन्ह आलं, खाली पट्टी सरकायला लागली. मग पडदा काळा. पंखा इतक्या जोरात फिरायला लागला की मामा दारातून म्हणाले, "मॅडम, बंद करू का?" मी "नको, नको, हात लावू नका" म्हणून जवळजवळ ओरडले. यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू झालं, परत बंद झालं, परत सुरू झालं. दहा-बारा मिनिटांत डेबियनचा लॉगिन पडदा आला. माझ्या पोटातला गोळा तेव्हा कुठे सुटला. हे पंखे, काळा पडदा, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट सगळं नेहमीचं आहे. कितीही वेळ लागला तरी बटण दाबू नका.

'गेट-हिस्टरी'ने यशस्वी झाल्याची नोंद दाखवली. ती छापून वहीत चिकटवली, पुढे डेडस्टॉक क्रमांक, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, तारीख आणि माझी सही. बायोसमध्ये जाऊन सगळी सेटिंग जागेवर आहेत ना ते फोटोंशी ताडून पाहिलं. त्यानंतर सिक्युअर बूट चालू केलं.

बाकीची ऑप्टिप्लेक्स पुढच्या सुट्ट्यांना एकेक करून झाली. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. 'गेट-डिव्हाइसेस'च्या यादीत सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांपुढे २०२३ दिसायला लागलं, त्या दिवशी मी कार्यवाह सरांना फोन करून सांगितलं.

ज्यांच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर फर्मवेअर बदलल्यावर टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलतात आणि विंडोज रिकव्हरी की मागतं. ती की आधी कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे विंडोज उरलं नव्हतं, पण शेजारच्या शाळेतल्या बाई चौकशीला आल्या तेव्हा त्यांना मी हेच सगळ्यात आधी सांगितलं.

काउंटरवरचे दोन असेंबल्ड मात्र या वाटेने झाले नाहीत. त्यांच्या मदरबोर्डांचं फर्मवेअर भांडारात नाही. तिथे मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल घेऊन, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बायोसमधल्या सोयीने ती चढवावी लागते. एकाचं तसं केलं, पूर्ण वेळ यूपीएसवर. दुसऱ्या मदरबोर्डसाठी कंपनीने काही वर्षांत नवं काही काढलेलंच नाही. त्याच्यावर नवी प्रमाणपत्रं येणार नाहीत असं धरून मी मंडळाला लेखी कळवलं आहे. आमची देवघेव कोहाच्या सर्व्हरवर असल्याने त्या यंत्रावर माहिती काहीच नसते, पण पुढच्या अंदाजपत्रकात त्याच्या जागी दुसऱ्या यंत्राची तरतूद मागितली आहे. नवीन घेताना मॉडेल एलव्हीएफएसवर आहे का ते आधी बघायचं, ही अटही दरपत्रकाच्या पत्रात घातली आहे.

थिंकपॅड अजून बाकी आहे. लॅपटॉपवर चार्जर जोडलेला असूनही बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर ही सेवा अपडेट करायला नकार देते, आणि आमची बॅटरी इतकी थकली आहे की त्या पातळीपर्यंत पोचतच नाही. नवी बॅटरी मार्चच्या बैठकीत मंजूर व्हायची आहे. तोवर त्याची यादी ताजी होत राहील आणि वहीत त्याच्या नावापुढे 'प्रलंबित' असं लिहिलेलं आहे.